एक्सचेंज म्हणजे अमेरिकेची मागची दारं नव्हेत

पार्ल्यात आमच्या सोसायटीत दर जूनला हे ऐकू येतं: 'दहावीनंतर पोराला एक्सचेंजला पाठवा, तिकडचीच बारावी होते, मग कॉलेज तिकडेच.' गेली कित्येक वर्षं ही समजूत बिनबोभाट चालू आहे. ती चूक आहे.

शालेय एक्सचेंज म्हणजे अमेरिकेतल्या कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकणं. त्याचा व्हिसा असतो जे-१. मुदत एक किंवा दोन सेमिस्टर, बस. वय १५ ते साडेअठरा. मूल शाळेत बसतं, गुणपत्रक मिळतं; पण उत्तीर्णतेचा डिप्लोमा मिळेलच असं नाही, ते त्या शाळेवर अवलंबून. बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीला जाताना हातात असलेला, एक्सचेंज संस्थेने दिलेला डीएस-२०१९ फॉर्म नीट वाचा: त्यावर कार्यक्रम संपायची तारीख छापलेली असते. त्यानंतर ३० दिवस, की सामान आवरा. कॉलेजसाठी वेगळा अर्ज, वेगळा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा.

'श्रीमंतांचे चोचले' हेही अर्धसत्यच. संस्थांची फी भरमसाट असते, खरं आहे. पण अमेरिकी सरकारच्या पैशांवर चालणारा 'येस' कार्यक्रम २००२ साली सुरू झाला तो शिष्यवृत्तीवरच. मात्र सरकारी पैशांवर गेलेल्यांना सहसा परतून दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. म्हणजे राहायचं सोडाच, उलटंच!

आणि यजमान कुटुंब? त्यांना पैसे मिळत नाहीत. हौसेने ठेवतात. त्यामुळे ताट-वाटी स्वतः घासावी लागते, हे आमच्या पार्लेकर आयांना आधी सांगायला हवं. आपल्या कॉलेजात परतल्यावर तिकडचं वर्ष अकरावी म्हणून धरणार की नाही, ते मात्र निघण्याआधी लेखी विचारा.