फ्लाइट सिम्युलेटरची जुळवणी

फ्लाइट सिम्युलेटरची जुळवणी : घरगुती संगणकावर विमान उडवण्याचा अनुभव देणाऱ्या फ्लाइट सिम्युलेटर या प्रणालीमध्ये उड्डाण न अडखळता, स्थिर गतीने दिसावे यासाठी त्या प्रणालीच्या सेटिंगमध्ये आणि संगणकाच्या रचनेत केलेले फेरबदल. हौशी मंडळींच्या बोलण्यात याला ‘ट्वीकिंग’ किंवा नुसते ‘सेटिंग लावणे’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आला, तेव्हापासून ही प्रणाली आपल्या काळातील घरगुती संगणकाच्या ताकदीची कसोटी पाहत आली आहे. त्यामुळे जुळवणी हा या छंदाचा अविभाज्य भागच होऊन बसला आहे.

कार्यक्षमता सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेमच्या, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या चित्रांच्या, संख्येत सांगण्याचा प्रघात आहे. डोळ्याला मात्र संख्येपेक्षा दोन फ्रेममधील अंतर सारखे आहे की नाही, हेच अधिक जाणवते. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. ६० हव्या असतील तर सुमारे १७ मिलिसेकंदांत. सरासरी ४५ फ्रेमची असूनही मधूनच एखादी फ्रेम १०० मिलिसेकंद घेत असेल, तर चित्र नेमके धावपट्टीवर टेकताना अडकते आणि जॉयस्टिकची हालचाल विमानात उशिरा उमटते. म्हणून ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने उमटवणाऱ्या, पडद्यावर ३० फ्रेमची मर्यादा मुद्दाम घालून घेणे हा उत्तम उपाय ठरतो. त्यात प्रत्येक चित्र पडद्याच्या बरोबर दोन आवर्तनांपुरते टिकते आणि संगणकाला थोडी उसंत मिळते. नेमबाजीच्या खेळांतून या छंदाकडे वळलेल्यांना हे प्रथम पटत नाही. परंतु विमान संथपणे वळत असताना अनियमित ५० फ्रेमपेक्षा एकसारख्या ३० फ्रेम निश्चितच सुखद वाटतात.

जुळवणीपूर्वी अडथळा कोठे आहे हे शोधावे लागते. प्रत्येक फ्रेममागे दोन कामे असतात. विमानाची गती, उपकरणे, इतर विमानांची वाहतूक आणि कोणती इमारत कोठे उभी करायची याची गणना प्रोसेसर करतो, आणि त्यातील बरेचसे काम एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे ओळीने होणाऱ्या कामांच्या एकाच साखळीत, चालत असल्याने प्रोसेसरला अनेक कोअर (गणना करणारे स्वतंत्र भाग) असूनही त्यांचा पुरेपूर उपयोग होत नाही. प्रत्यक्ष चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. या दोघांत जो मागे पडतो तो गती ठरवतो. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत डेव्हलपर मोड चालू केल्यास मर्यादा मुख्य थ्रेडची आहे की ग्राफिक्स कार्डाची, हे पडद्यावरच दिसते. अशी सोय नसेल तेथे रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातील बिंदूंची संख्या, कमी करून पाहावे. फ्रेम वाढल्या तर अडथळा कार्डाचा आणि न वाढल्या तर प्रोसेसरचा समजावा. ही एक चाचणी न करता महागडे कार्ड विकत घेणाऱ्यांची निराशा होते, कारण अडथळा प्रोसेसरचा असेल तर नव्या कार्डाने फरक पडत नाही.

चाचणीसाठी नेहमी एकच मार्ग, एकच विमान, एकच वेळ आणि एकच हवामान ठेवावे, आणि दर वेळी एकच सेटिंग बदलावे. नाशिककरांना ओझर ते मुंबई हा मार्ग यासाठी फार सोयीचा आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ज्या कारखान्यात मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० विमाने तयार झाली, त्याला लागूनच ओझरची धावपट्टी आहे. तेथून मुंबई हवाई अंतराने सुमारे १६० किलोमीटर असून सेस्ना १७२ सारख्या विमानाने हा प्रवास पाऊण तासाच्या आसपास होतो. ओझरभोवतीची शेती आणि विरळ वस्ती संगणकाला फारशी जड जात नाही. पुढे इगतपुरीचे डोंगर आणि कसारा घाटाचा उतार भूपृष्ठाच्या तपशिलाची परीक्षा घेतात, पावसाळी ढग चढवले की ग्राफिक्स कार्डावर भार येतो, आणि शेवटी मुंबईच्या दाट इमारती व विमानांची गर्दी प्रोसेसरला जेरीस आणते. ओझरला लावलेले सेटिंग मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर टिकत नाही ते यामुळेच; जुळवणी नेहमी मार्गातील सर्वांत कठीण ठिकाण धरून करावी लागते.

सर्वाधिक परिणाम करणारे सेटिंग म्हणजे दूरवरच्या भूपृष्ठाच्या तपशिलाची मर्यादा. तपशील दाखवण्याचे अंतर दुप्पट केले की क्षेत्र चौपट होते, त्यामुळे किंचित वाढवलेला आकडाही मुख्य थ्रेडला जड जातो. ब्रह्मगिरीचे कडे त्र्यंबकवरून जाताना रेखीव दिसावेत यासाठी ती वाढवण्याचा मोह होतो, आणि त्या बाजूला कमी उंचीवरून भटकणाऱ्याने तो जरूर पुरवावा; प्रवासी जेट उडवणाऱ्याला मात्र त्याचा लाभ थोडा. प्रोसेसरचा भार हलका करण्यासाठी इतर विमानांची व रस्त्यांवरील वाहतूक कमी करणे आणि ‘ग्लास कॉकपिट’मधील, म्हणजे काटेरी उपकरणांऐवजी पडदे असलेल्या कॉकपिटमधील, पडदे ताजे होण्याचा वेग घटवणे, हे उपाय आहेत. ग्राफिक्स कार्डासाठी ढगांची प्रत एक पायरी खाली आणणे, सावल्या कमी करणे आणि रिझोल्यूशन आवरणे हे उपाय आहेत. ३८४० × २१६० च्या पडद्यावर १९२० × १०८० च्या नेमके चौपट बिंदू रंगवावे लागतात.

एक्स-प्लेन या दुसऱ्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये गती सेकंदाला सुमारे २० फ्रेमच्या खाली गेली, की ती प्रणाली गणितातील अचूकता राखण्यासाठी आतील घड्याळच मंद करते. १० फ्रेमवर उडणाऱ्याला ओझर-मुंबईचा पाऊण तास भिंतीवरच्या घड्याळाने दीड तासाचा होतो. २०२० मध्ये आलेल्या ११.५० या आवृत्तीपासून व्हल्कन या ग्राफिक्स कार्डाशी संवाद साधणाऱ्या नव्या पद्धतीचा आधार मिळाल्याने तेथील अडखळणे बरेच कमी झाले.

जुन्या सल्ल्यांबाबत सावध राहावे. मायक्रोसॉफ्टचा २००६ चा फ्लाइट सिम्युलेटर एक्स ३२ बिटचा होता. त्याला ४ गिगाबाइटपेक्षा अधिक स्मृती वापरता येत नसे आणि ती संपली की प्रणाली बंद पडे. त्या काळी एफएसएक्स.सीएफजी या त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये हायमेमफिक्स किंवा ॲफिनिटीमास्क अशा ओळी हाताने लिहिणे उपयोगी होते. ६४ बिटच्या नव्या प्रणालींना त्या ओळी लागू नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या आवृत्तीसाठी ३२ गिगाबाइट रॅमची शिफारस केली असून तिच्यात बरेचसे दृश्य इंटरनेटवरून प्रवाहित होते, त्यामुळे धूसर जमिनीचे कारण कधीकधी संगणकात नसून जोडणीच्या वेगात असते.

नाशिकच्या हवामानाचा विचार या जुळवणीत आवर्जून करावा लागतो. थंडीत, निफाडकडे पारा एकआकडी होत असताना, ठाकठीक चाललेला संगणक एप्रिल-मेच्या चाळिशीत अडखळू लागतो. प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानाबरोबर चढते आणि ते ठरावीक मर्यादेला, अनेक प्रोसेसरांत ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास, पोचले की प्रोसेसर स्वतःच गती उतरवतो. लॅपटॉपमध्ये हे लवकर घडते. म्हणून डिसेंबरात मिळालेले आकडे कायमचे मानू नयेत. कॅबिनेटच्या जाळ्यांवरची धूळ उन्हाळ्यापूर्वी झाडून घ्यावी, पंख्यांना मोकळी हवा मिळेल असा संगणक ठेवावा आणि दुपारच्या सर्वांत उष्ण वेळी तीच ओझर-मुंबई चाचणी पुन्हा करून फ्रेमची मर्यादा त्या आकड्यावर बसवावी.