आरपी : चालू प्रसंगात सामील होण्याचे संकेत

ऑनलाइन खेळात आपले पात्र धरून बोलणे-वागणे म्हणजे आरपी, अर्थात रोलप्ले. खेळातली खानावळ, चौक, बंदर अशा मोकळ्या जागी अनोळखी खेळाडूंचा प्रसंग रंगलेला असताना त्यात शिरण्याचे काही संकेत आहेत. जागा सगळ्यांची असली तरी प्रसंग तो सुरू करणाऱ्यांचा असतो. बाकीचे बहुतेक संकेत या एका गोष्टीतून निघतात.

ठाणेकराला हे समजायला लोकलमधले भजनी मंडळ पुरेसे आहे. डबा सगळ्यांचा, पास सगळ्यांकडे. तरी नवा माणूस चढल्याचढल्या झांज हातात घेत नाही. आधी ठेका ऐकतो, मग टाळी धरतो, ध्रुवपदाला आवाज मिसळतो. काही दिवसांनी कुणीतरी आपणहून म्हणतो, ‘घ्या, पुढचं तुम्ही म्हणा.’ आरपीतही क्रम हाच.

हे संकेत आधी मजकुरावर चालणाऱ्या खेळांत घडले. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांचा ‘मड’ एसेक्स विद्यापीठात १९७८ साली सुरू झाला. १९८९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘टायनीमड’ आला. त्यात लढाईपेक्षा गप्पांना आणि जागा रचण्याला महत्त्व मिळाले, आणि त्याच घराण्यातल्या ‘मश’ खेळांत पाळीपाळीने लिहिण्याचा रिवाज रुजला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये (२००४) आरपीसाठी वेगळे सर्व्हर, म्हणजे त्याच खेळाची स्वतंत्र जगे, आहेत. ‘जीटीए फाइव्ह’ या खेळाच्या, फाइव्हएम नावाच्या प्रणालीवर खेळाडूंनीच चालवलेल्या सर्व्हरांवर कारभार मुख्यतः माइकवर चालतो. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांनी आरपी पहिल्यांदा पाहिली ती तिथली, यूट्यूबच्या लाइव्हमधून.

शिरण्याआधी थोडा वेळ नुसते वाचावे. कोण कुणाशी बोलतोय, सूर भांडणाचा आहे की हळवा, किती जण आहेत, हे पाहावे. एक उदाहरण घेऊ. खानावळीत म्हातारा शिपाई आणि त्याची मुलगी कोपऱ्यातल्या बाकावर पत्र वाचत बसलेत. नवखा लिहितो : ‘मी आत येताच सगळे दचकतात. म्हाताऱ्याला मी लगेच ओळखतो आणि पत्र हिसकावून घेतो.’ दोन ओळींत त्याने इतरांची प्रतिक्रिया ठरवली, शिपायाचा भूतकाळ ठरवला आणि त्यांच्या प्रसंगाचा जीव असलेली वस्तू उचलली. दुसरा लिहितो : ‘दाराशी थांबून घोंगडी झटकतो. मालकाला : पाऊस ओसरेपर्यंत टेकू का इथं?’ आता शिपायाला वाटले तर ‘या, बसा’ म्हणता येते. नको असेल तर पत्रातून मान वर न करताही चालते. समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी ठेवणे हा चांगल्या प्रवेशाचा सर्वांत मोठा गुण आहे.

शंका असेल तर पात्राबाहेर येऊन, खासगी निरोपात विचारावे : ‘तुमचा प्रसंग चालू आहे, मी आलो तर चालेल का?’ पात्राबाहेरच्या बोलण्याला ओओसी (आउट ऑफ कॅरेक्टर) म्हणतात आणि ते सर्वांसमोर लिहायची वेळ आलीच तर दुहेरी कंसात लिहितात. उत्तर नाही आले तर तोच नकार समजावा. कारण मागू नये.

मराठीत खेळताना दोन गोष्टी जास्तीच्या सांभाळाव्या लागतात. आपले क्रियापद लिंग बोलते, ‘हसतो’ की ‘हसते’, त्यामुळे दुसऱ्या पात्राविषयी लिहिण्याआधी त्याची ओळखपट्टी वाचावी लागते. रोमन लिपीत घाईने टाइप करताना ही चूक नेहमी होते आणि समोरच्याला ती लागते. दुसरे म्हणजे, पात्र ‘अरे’ म्हणू शकते, पण ओओसीत अनोळखी माणसाला ‘तुम्ही’च. पलीकडे दहावीतला मुलगा आहे की पन्नाशीच्या बाई, हे आपल्याला दिसत नसते.

झटापटीत प्रयत्न आपला, परिणाम समोरच्याचा. ‘मानेवर वार काढतो’ इथे थांबावे. ‘मान उडवतो’ लिहिणे म्हणजे गॉडमोडिंग, आणि बहुतेक सर्व्हरांवर ते नियमाबाहेर असते. पात्राला जे कळायचा मार्ग नाही ते त्याला माहीत असल्यासारखे वागणे हे मेटागेमिंग.

घोळक्याने शिरण्याचा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड आहे. ऐरोली-घणसोलीतले पाच मित्र एकाच व्हॉइस कॉलवर बसून एकदम खानावळीत येतात. हसणे-खिदळणे कॉलवर चालते आणि पडद्यावर एकापाठोपाठ एक ओळी आदळतात. शिपाई आणि त्याची मुलगी दोन ओळी लिहीपर्यंत त्यांचा प्रसंग वर सरकून दिसेनासा होतो. हेतू वाईट नसतो, पण बसलेले लोक उठून जातात. अशा वेळी एकानेच आधी जावे, बाकीच्यांनी बाहेर अंगणात आपला प्रसंग मांडावा आणि बोलावले तर आत यावे. प्रस्तुत लेखकाच्या मते पाळीपाळीने लिहिण्याचा नियम सर्वांत आधी शिकवावा तो मित्रांच्या टोळीला, एकट्यादुकट्याला नव्हे.

निघतानाही पात्राला नेऊन सोडावे. जेवायची हाक आली की कित्येक जण जागच्या जागी नाहीसे होतात आणि त्यांना प्रश्न विचारून बसलेला खेळाडू वाट पाहत राहतो. घोंगडी खांद्यावर टाकून, ‘पाऊस ओसरला, येतो मी’ एवढी ओळ टाकायला अर्धा मिनिट लागतो. लाइट गेल्यामुळे मध्येच तुटले, तर पुन्हा आल्यावर आधी ओओसीत कळवावे आणि दरम्यान पुढे गेलेला प्रसंग मागे ओढू नये.