रोमला पोचलेला आणि रोममध्ये जन्मलेला

इसवी सन १३०, ऑक्टोबर महिना. रोमन सम्राट हेड्रियन सगळा लवाजमा घेऊन नाईल नदीवर आहे, आणि त्याचा लाडका तरुण अँटिनोअस त्या नदीत बुडून मरतो. अपघात झाला, की सम्राटासाठी त्याचा बळी गेला, हा वाद तेव्हापासून चालू आहे. हेड्रियन बाईसारखा रडला, असं जुन्या चरित्रात लिहिलंय. त्याच काठावर त्याने अँटिनोपोलिस नावाचं शहर वसवलं आणि मेलेल्या मुलाला देव करून टाकलं.

या प्रसंगावर दोन प्रेमकथा लिहिता येतील. एकीत अँटिनोअसवर मनातून जीव टाकणारा दरबारातला एखादा लेखनिक असेल. दुसरीत आजच्या पुण्यातला, पुरातत्त्व शिकणारा, अचानक त्या काठावर जाऊन पडलेला मुलगा. दोन्हींवर 'प्राचीन रोममधली समलिंगी प्रेमकथा' असंच लिहिलं जाईल. कालप्रवास म्हणजे नायकाला तिथे पोचवायची युक्ती, पुढची गोष्ट तीच, असं वाचकांना वाटतं. मला ते पटत नाही. या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत, कारण एका नायकाकडे स्वतःसाठी शब्द आहे आणि दुसऱ्याकडे नाही.

लॅटिनमध्ये 'समलिंगी' या अर्थाचा शब्दच नव्हता. 'होमोसेक्शुअल' हा शब्द छापला गेला तो थेट १८६९ साली, जर्मनमध्ये. रोमन माणसाचे प्रश्न वेगळे होते: तू नागरिक की गुलाम? वयाने मोठा की धाकटा? शेजेवर वरचढ कोण? नागरिक पुरुषाने आपल्या गुलामाला जवळ केलं, तर त्यात कुणाला फारसं वावगं दिसत नसे. पण तोच दुसऱ्यापुढे नमला, तर त्याची अब्रू गेलीच. आणि नागरिकाच्या घरातल्या मुलाला हात लावणं हा गुन्हा होता. म्हणजे अमुक पुरुषावर प्रेम का केलंस, असं कुणी विचारत नसे. प्रेमात तुझी पायरी कोणती, एवढंच बघितलं जाई.

म्हणून ऐतिहासिक कथेतल्या लेखनिकाच्या मनात 'मी असा आहे' हे वाक्य येऊच शकत नाही. मराठीत लिहिणाऱ्याला हे फार जपावं लागतं. त्याच्या विचारात एकदा जरी 'समलिंगी' शब्द आला, तरी तो लेखनिक तिथेच आजच्या काळातला होऊन जातो.

पुण्याच्या मुलाचं उलटं आहे. तो शब्द सोबत घेऊनच गेलाय. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ वरचा निकाल लागला, प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, तो दिवस त्याला आठवतो. त्या रोमन जगात पहिले काही दिवस त्याला वाटतं, इथे तर लपवायचं कारणच नाही! मग तो ज्याच्यावर भाळतो त्याला म्हणतो, 'आपण दोघं बरोबरीचे.' समोरच्याला नेमकं हेच कळत नाही. दोन पुरुष एकमेकांचे बरोबरीचे जोडीदार, याला त्या समाजात जागाच नाही.

ब्रिटिश म्युझियममध्ये चांदीचा एक रोमन पेला आहे, वॉरन चषक. जेमतेम ११ सेंटीमीटर उंच. म्युझियमने तो १९९९ मध्ये विकत घेतला. तो खरंच त्या काळातला आहे का, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे, पण त्यावरचं चित्र विसरता येत नाही. एका बाजूला दाढीवाला पुरुष आणि तरुण एकमेकांच्या मिठीत, आणि मागे किलकिल्या दारातून एक गुलाम पोरगा आत डोकावतोय. लेखनिकाच्या कथेत हा पोरगा खोलीतल्या दिव्यासारखाच, असून नसल्यासारखा. पुण्याच्या मुलाची नजर मात्र त्या दारावरच अडते. त्याच्या कथेचा काटा तिथे आहे, कारण ज्याच्यावर त्याचं मन जडलंय तोही कुणाचा तरी गुलाम असू शकतो, आणि गुलामाच्या 'हो'ला अर्थ किती?

यावर सोपा उपाय म्हणून लेखक नायकाला तो गुलाम विकत घ्यायला लावतात आणि मुक्त करून टाकतात. पण रोमन मुक्ती पुरी मुक्ती नव्हती. मुक्तीवर पाच टक्के कर होता, आणि सुटलेला माणूस धन्याचंच नाव लावत असे. प्रसिद्ध रोमन वक्ता मार्कस टुलियस सिसेरो याचा गुलाम टिरो मुक्त झाल्यावर मार्कस टुलियस टिरो झाला. जुन्या धन्याची मर्जी राखणं त्याच्या मागे कायमचं लागे. लेखनिकाच्या कथेत हा सुखान्त ठरेल. प्रवाशाच्या कथेत प्रियकर आता माझंच नाव लावतो, ही टोचणी उरेल, आणि ती उरायलाच हवी.

तपशिलांची गंमत मी थोडक्यातच सांगते. रोमन लोक उजेडाच्या वेळेचे बारा भाग करत, त्यामुळे तिथला तास हिवाळ्यात आखूड आणि उन्हाळ्यात लांब. प्रवाशाचं मनगटी घड्याळ तिथे काहीच कामाचं नाही.

आणि मला सगळ्यात जड वाटतो तो शेवट. लेखनिकाच्या कथेत अँटिनोअस बुडणार हे फक्त वाचकाला माहीत असतं. प्रवाशाच्या कथेत ते नायकालाही माहीत आहे. महिना माहीत आहे, नदी माहीत आहे, वेळ तेवढी माहीत नाही. शिवाय तो आधी अँटिनोअसच्या एका संगमरवरी पुतळ्याच्या प्रेमात पडला होता, आणि ते पुतळे घडले ते अँटिनोअस मेला म्हणून. त्याला वाचवला तर अँटिनोपोलिस उभं राहणार नाही, पुतळेही नाहीत, आणि मग त्या चेहऱ्यासाठी इथवर येणारा हा मुलगा तरी कुठला?

मी ती कथा लिहिली, तर हे सगळं त्याला नावेत बसल्या बसल्या उमगेल. आणि शेजारी पाण्यात हात सोडून बसलेला अँटिनोअस त्याला एवढंच विचारेल, 'तू माझ्याकडे असा का बघतोस, मी केव्हाच गेल्यासारखा?'