मिशन चर्चमधले 'वडील' आणि 1970 चा निर्णय

सांगली-मिरजेत 'मिशन चर्च' म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही. 'प्रेसबिटेरियन' हे या चर्चच्या पंथाचं नाव मात्र मागे पडलं.

अमेरिकन मिशनचं काम 1852 साली कोल्हापुरात सुरू झालं, 1884 मध्ये सांगलीत आणि 1892 मध्ये मिरजेत आलं. साताऱ्याचं मिशन 1849 चं, पण पंथ वेगळा. तिथे प्रत्येक मंडळी, म्हणजे एका चर्चचा सभासदवर्ग, आपला कारभार आपणच पाहणारी.

खरा घोळ शब्दाचा. ग्रीक 'प्रेसबुतेरोस' म्हणजे वडीलधारा, 'प्रेसबिटेरियन' हे नाव त्यावरूनच. मराठी पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) तो 'वडील' झाला, म्हणून वयस्कर माणूस असा अर्थ लावला जातो. हे वडील मंडळीने निवडलेले असतात, तिशीतलेही असू शकतात. पाळक (चर्चचा धर्मगुरू) आणि वडील मिळून सेशन. अनेक मंडळ्यांचे पाळक-वडील मिळून प्रेसबिटरी. या रचनेत बिशप, म्हणजे अनेक चर्चवरचा एकटा अधिकारी, कुठेच नाही.

या पंथाच्या चर्चची मांडणी यातूनच आली. उपदेश महत्त्वाचा म्हणून पुलपीट, म्हणजे उपदेशाचं व्यासपीठ, मधोमध. वेदी नाही, तर प्रभुभोजनाचं साधं लाकडी मेज. भाकरी आणि द्राक्षरसाचे छोटे पेले वडील बाकांपर्यंत आणून देतात, लोक बसल्या जागी घेतात. त्यामुळे पुढे गुडघे टेकायला कठडाही लागत नाही.

1924 साली दोन्ही पंथ एका संयुक्त चर्चमध्ये आले. बिशप दोघांकडेही नव्हते, त्यामुळे मांडणी बदलण्याचं कारण पडलं नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र आल्या, आणि बिशपपद आलं. मूठभर ख्रिस्ती समाजाने पंथापंथांत विभागून राहू नये, हे एकीकरणवाल्यांचं म्हणणं खरंच होतं. पण ठराव वरच्या सभांमध्ये झाले. बाकावर बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने, त्याने निवडलेल्या वडिलांच्या वर एक नवा अधिकारी आला, आणि हा बदल लहान नव्हता. पुढे इमारत आणि जमीन कुणाच्या नावावर, यावरून ठिकठिकाणी प्रकरणं कोर्टात गेली. त्या भांडणांत 'वडील' शब्दाचा मूळ अर्थ कुणी फारसा काढला नाही.

आता जुन्या चर्चच्या दुरुस्त्या निघतात तेव्हा रंग आणि कौलांवर चर्चा होते, मेजावर होत नाही. ते मागच्या भिंतीला लावलं की त्याच्यामागे उभं राहायला जागाच उरत नाही, आणि पाळकाला लोकांकडे पाठ करावी लागते. दुरुस्ती करणाऱ्यांनी मेज आणि पुलपीट जागचं हलवू नये, एवढी विनंती आहे.