शिक्षक-विद्यार्थी सांस्कृतिक अंतर (बेळगाव सीमाभाग)

शिक्षकाच्या घरची भाषा, सण आणि इतिहासाची जाण मुलांच्या घरापेक्षा वेगळी असली की वर्गात जाणवणारा फरक. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तो मुख्यतः कन्नडभाषक शिक्षक आणि मराठी मुले यांच्यात दिसतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. मराठी शाळा राहिल्या. अभ्यासक्रम, दहावीची परीक्षा आणि कारभार मात्र तिकडचा झाला. या शाळांतले शिक्षक बहुधा मराठीच असल्याने फरक कळतो तो कन्नडच्या तासाला, किंवा मूल कन्नड माध्यमात बसले की. २०१५च्या कायद्याने कन्नड ही प्रथम वा द्वितीय भाषा म्हणून शाळांत टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली.

कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’चे ऱ्हस्व-दीर्घ उच्चार वेगळे आहेत, मराठीत नाहीत. मूल ते सरसकट एकसारखे वाचते आणि शिक्षकाला तो निष्काळजीपणा वाटतो. आकड्यांचेही तेच. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी, ‘इप्पत्तैदु’मध्ये वीस आधी, ऐकून लिहिताना २५चे ५२ होऊ शकतात. अशा वेळी मूल गप्प बसते, आणि गप्प बसणे म्हणजे अभ्यास न करणे असे धरले जाते.

रोजच्या जगण्यात अंतर फारसे नाही. भाकरी दोन्ही घरांत, पाडवा आणि युगादी एकाच दिवशी, कडुलिंब-गूळही दोन्हीकडे. सीमाप्रश्नावर लिहिणारे हे साम्य सहसा सोडून देतात. वैशाखात बेळगावात द्वितीयेला शिवजयंती आणि लगेच तृतीयेला बसव जयंती येते; शिवजयंतीला गेलेली मुले दुसऱ्या दिवशी बसवेश्वरांची वचने ऐकतात आणि त्यात कुणाला काही अडचण वाटत नाही.

खरी अडचण १ नोव्हेंबरची. त्या दिवशी शाळेत राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन, आणि कन्नड लाल-पिवळा ध्वज. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला मानणाऱ्या घरांत मात्र काळा दिन. शिक्षकाला तो दिवस साजरा करणे नोकरीचा भाग आहे, मुलाला घरची शिकवण टाळता येत नाही. हा फरक संस्कृतीपेक्षा राज्यरचनेतून आला आहे, असे म्हणणे अधिक बरोबर.

संविधानाच्या अनुच्छेद ३५०-कनुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करायची आहे. पण शिक्षण खात्याची परिपत्रके कन्नडमध्ये निघतात. एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत ती पालकांना समजावून सांगण्याचे काम दोन्ही भाषा येणाऱ्या स्थानिक शिक्षकावर पडते.