वाहनांतर्गत निदानप्रणाली (ओबीडी)

मोटारीच्या धुरातील घातक घटक कमी करणारी साधने नीट काम करतात की नाही, हे गाडी चालू असतानाच तपासणारी आणि बिघाड आढळल्यास चालकाला दिव्याने कळवणारी संगणकीय व्यवस्था. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या गॅरेजांत ‘स्कॅनर लावणे’ म्हणतात ते हिचेच कोड वाचणे, आणि ‘चेक इंजिन’ हा तिचा पिवळा दिवा.

तिचा प्रारंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस फोक्सवॅगनने इंधन-फवारणीच्या मोटारींत दिलेली निदानाची सोय ही पहिली, असे बरेचदा लिहिले जाते. काही जण १९८०च्या सुमाराच्या जनरल मोटर्सच्या व्यवस्थेकडे बोट दाखवतात. या दोन्हींत कार्यशाळेची सोय हा मुख्य हेतू दिसतो. उत्सर्जनावरील देखरेख हा निकष मानल्यास कॅलिफोर्नियाचा १९८८च्या मॉडेलांपासूनचा नियम प्रारंभ धरणे अधिक सयुक्तिक. त्यातही (ओबीडी-१) धुरातील घातक वायू निरुपद्रवी करणाऱ्या उत्प्रेरक परिवर्तकाची (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) कार्यक्षमता तपासली जात नव्हती. ती तपासणी ओबीडी-२ या पुढच्या टप्प्यात आली. अमेरिकेत १९९६पासून ओबीडी-२ सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली.

ही प्रणाली धूर थेट मोजत नाही, अनुमान करते. परिवर्तकातील सिरियम ऑक्साइड प्राणवायू साठवते व गरजेप्रमाणे सोडते. परिवर्तकाच्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा विद्युतदाब सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्ट असा सतत हेलकावतो. साठवण शाबूत असली की मागच्या सेन्सरपर्यंत ते हेलकावे पोचत नाहीत, त्याची रेषा जवळजवळ सपाट राहते. परिवर्तक थकला की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो आणि संगणक ‘पी ०४२०’ हा कोड नोंदवतो. मागच्या सेन्सरच्या आधी धुराच्या नळीला भोक पडून बाहेरची हवा आत शिरली तरी हाच कोड येऊ शकतो. परिवर्तक बदलण्याआधी ते पाहणे स्वस्त पडते.

सिलिंडरमधील ज्वलन हुकल्याचे भुजादंडाच्या (क्रँकशाफ्ट) वेगातील सूक्ष्म चढउतारांवरून कळते. खडबडीत रस्त्यावरही तसेच धक्के बसतात, म्हणून अनेक मोटारींत अशा वेळी ही तपासणी थांबवलेली असते. केळीच्या बागांमधल्या गाडरस्त्यांवर ती कितपत चालू राहत असेल, हा प्रश्नच आहे. हुकणे तीव्र असल्यास न जळलेले पेट्रोल परिवर्तकात पेटून तो तापतो आणि दिवा लुकलुकतो. अशा स्थितीत कन्नड घाट चढू नये. इंधनवाफेची गळती अमेरिकेत अर्ध्या मिलिमीटरच्या भोकापर्यंत शोधावी लागते; युरोपीय धर्तीच्या नियमांत वाफ सोडणाऱ्या झडपेची विद्युतजोडणी तपासणे पुरते. डिझेलमध्ये काजळी-गाळणीच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक पाहतात.

साधारणतः एकच बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसला तर दिवा लागतो, तीन निर्दोष फेऱ्यांनंतर विझतो. कोड मात्र इंजिन चाळीसदा तापेपर्यंत राहतो. बॅटरीची वायर काढून दिवा घालवता येतो, परंतु त्यासोबत पूर्ण झालेल्या तपासण्यांची नोंदही पुसली जाते. काही तपासण्यांना गरम इंजिन व स्थिर वेग लागतो. गाव ते बाजार एवढ्याच फेऱ्यांत त्या अपुऱ्या राहतात, धुळे-जळगाव रस्त्यावर सहज पुऱ्या होतात. उणे ७ अंशांखाली, २,५०० मीटरच्या वर किंवा टाकीत २० टक्क्यांहून कमी इंधन असताना तपासणी थांबवण्याची मुभा युरोपीय नियमांत आहे. पहिल्या दोन सवलती खानदेशाच्या कामाच्या नाहीत, तोरणमाळही या उंचीच्या निम्म्याहून खालीच. तिसरी मात्र दोनशेचे पेट्रोल टाकून फिरणाऱ्यांना रोज लागू पडते.

भारतात भारत स्टेज-४ (उत्सर्जन-मर्यादांचा एक टप्पा) मोटारींना ओबीडी-१ १ एप्रिल २०१०पासून, ओबीडी-२ १ एप्रिल २०१३पासून लागू झाली. स्टेज-४च्या पहिल्या तेरा शहरांत सुरत, पुणे, सोलापूर होती; खानदेशातले एकही नव्हते. देशभर सक्ती १ एप्रिल २०१७ला आली. त्यामुळे त्याआधीच्या मोटारींत दिवा असला तरी त्यामागे सर्व तपासण्या असतीलच असे नाही. दुचाकींना पहिला टप्पा स्टेज-६बरोबर, २०२०मध्ये लागू झाला. पीयूसी तपासणी नळीतून निघणाऱ्या धुराची असते. ओबीडीचे कोड वाचणे तिचा भाग नाही.