चार इस्त्र्या बॉनेटखाली

मित्राची टर्बो डिझेल गाडी समृद्धीवरून जालन्याकडून आली होती आणि वाळूजच्या एका गॅरेजात उभी होती. एप्रिलची अखेर, दुपारचे साडेतीन. बॉनेट उघडून वाकलो, तर गुऱ्हाळाच्या चुलाणापुढे उभं राहिल्यासारखी झळ तोंडावर आली.

"भाऊ, मागं सरा. लई तापलंय ते," मिस्त्री म्हणाला.

मित्राच्या खिशात एका दुकानाचं कोटेशन होतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतून निघणारा जळका वायू गोळा करणारा बिडाचा नळ, आणि टर्बोचं हाऊसिंग, म्हणजे त्याचं कवच, दोन्हींना सिरॅमिक कोटिंग. दुकानदाराने व्हिडिओही दाखवला होता. त्यात बंदुकीसारख्या थर्मामीटरने आधी साध्या मॅनिफोल्डचं तापमान मोजलं, मग कोट मारलेल्याचं. फरक दोनशे अंशांहून जास्त. "तू पोरांना हेच शिकवतोस ना? मग सांग, खरं आहे का हे?" गाडी निवायला अर्धा तास लागणार होता. ऑइल फिल्टरच्या खोक्याच्या पाठीवर हिशेब मांडला.

डिझेल जळून जेवढी उष्णता निघते, त्यातली ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाकाला मिळते. तेवढीच रेडिएटरवाटे जाते आणि जवळपास तेवढीच सायलेन्सरवाटे. हा सायलेन्सरचा हिस्सा वाया का घालवायचा, या विचारातून स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली टर्बोचं पेटंट घेतलं. बाहेर जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात हवा कोंबतं. वायू जितका गरम पोहोचेल, तितकी त्या चक्राला जास्त ताकद. डिझेल गाडीत हा वायू आठशे अंशांच्या आसपास असतो, पेट्रोल टर्बोत साडेनऊशेच्याही वर जातो. त्यामुळे वाटेत मॅनिफोल्डमधून गळणारी उष्णता दोनदा नडते. चक्राची ताकद घटते ती एकदा, आणि बॉनेटखालची हवा तापते ती दुसऱ्यांदा. पंचेचाळीस अंशांची हवा पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात ही सूट आधीच गेलेली असते, वर आणखी तापवून कशाला घ्यायची?

आता खोक्यावरचा हिशेब. मॅनिफोल्ड सातशे अंशांवर असेल, तर गंजकं, काळपट बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दर चौरस फुटातून सुमारे चार हजार वॅट नुसत्या झळेच्या रूपात, म्हणजे प्रारणाने, बाहेर फेकतं. म्हणजे बॉनेटखाली चार इस्त्र्या चालू. ही झळ तापमानाबरोबर सरळ वाढत नाही, निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजलेल्या तापमानाच्या, चौथ्या घाताने वाढते. तीनशे अंशांवरून सातशेवर गेलं, की आठपट.

कोटिंगचा मालमसाला बहुधा झिर्कोनिया. सराफाकडे अमेरिकन डायमंड म्हणून मिळतो तो हाच पदार्थ, फक्त स्फटिकरूपात. तो सुमारे 2700 अंशांना वितळतो. शुद्ध झिर्कोनियाची एक खोड मात्र आहे. 1170 अंशांच्या आसपास त्याच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्याबरोबर आकारमान चार-पाच टक्क्यांनी कमीजास्त होतं. असा थर दोन-चार वेळा तापून निवला की पोपडे. म्हणून त्यात वजनाने सात-आठ टक्के यिट्रिया, म्हणजे यिट्रियम धातूचं ऑक्साइड, मिसळतात. यिट्रियाने मांडणी स्थिर राहते, शिवाय आणखी एक फायदा पदरात पडतो. यिट्रियमच्या अणूंमुळे जाळीतल्या ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. उष्णता म्हणजे अणूंची थरथर. खड्ड्यांच्या रस्त्यावर बैलगाडी अडखळावी तशी ती थरथर या रिकाम्या जागांवर अडखळते. फवारलेल्या झिर्कोनियातून उष्णता बिडाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकीच वाहते.

फवारतात कसं, तेही पाहण्यासारखं आहे. दहा हजार अंशांच्या वरच्या प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, झोतात पूड सोडतात. तिचे थेंब होतात आणि भिंतीवर गोवऱ्या थापाव्यात तसे धातूवर चपटे होऊन बसतात, एकावर एक. मधल्या फटींत हवा राहते, तीही उष्णता अडवते. पण आधी गवंडी काँक्रीटला टाचे मारतो तसं धातूला खरबडून घ्यावं लागतं, आणि मध्ये निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचा एक थर द्यावा लागतो. कारण धातू आणि सिरॅमिक तापल्यावर सारखे फुगत नाहीत. अॅल्युमिनियम तर झिर्कोनियाच्या दुप्पट फुगतं. चुलीवर चढवायच्या पातेल्याच्या बुडाला आजी मातीचा लेप द्यायची, तो दोन स्वयंपाकांत तडकून पडायचा. इथे भानगड तीच, फक्त तडकलेला तुकडा टर्बोच्या चक्रात गेला तर खर्च मोठा.

इतकं गुणी सिरॅमिक, मग मॅनिफोल्डवर ते किती अंश अडवेल? प्लाझ्माने फवारलेला 0.3 मिलिमीटरचा चांगला जाड थर धरला, तर त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूत फरक पडतो बारा-तेरा अंशांचा. दुकानातला रंगासारखा मारून ओव्हनमध्ये भाजलेला 0.05 मिलिमीटरचा थर असेल तर दोन अंशांचा. होय, दोन. मित्राने खोकं हातात घेऊन आकडे पुन्हा तपासले.

थर किती अडवतो, हे त्यातून उष्णतेचा लोंढा किती जोराचा जातो त्यावर ठरतं. जेट इंजिनाच्या पात्यावर हा लोंढा मॅनिफोल्डच्या वीस-पंचवीसपट असतो, म्हणून तिथे 0.3 मिलिमीटरच्या निम्म्या जाडीचा थरही शे-दीडशे अंश वाचवतो. हे तंत्र वाढलंच तिथे. 1960च्या दशकात एक्स-15 या रॉकेट विमानाच्या नोझलवर असे थर होते, आणि 1976 साली नासाने ते जे-75 या जेट इंजिनाच्या पात्यांवर चालवून दाखवले.

पिस्टनच्या माथ्यावरही लोंढा मोठा असतो. म्हणून 1980च्या आसपास कमिन्स ही इंजिन कंपनी आणि अमेरिकी लष्कर यांनी सिलिंडरच आतून सिरॅमिकने मढवून बिनारेडिएटरचं ट्रक इंजिन बनवलं. चाललं, पण अपेक्षेइतकं इंधन वाचलं नाही. भिंती सतत गरम राहिल्या, त्यामुळे आत येणारी ताजी हवाही तापून विरळ झाली. वाचलेली बरीचशी उष्णता चाकाकडे न जाता सायलेन्सरकडेच गेली. टोयोटाने 2015 साली 2.8 लिटरच्या डिझेल इंजिनात उलटा विचार केला. पिस्टनवर सिलिकाने बळकट केलेला सच्छिद्र अॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर दिला. तो ज्वलनाच्या क्षणी झटकन तापतो आणि हवा आत येईपर्यंत झटकन निवतो. मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते. आपल्याकडच्या फॉर्च्युनरमध्ये हे इंजिन आहे, आणि याच कंपनीने 2024च्या जुलैत संभाजीनगरच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला.

मग दुकानातला कोट निव्वळ फसवणूक का? नाही. त्यात बहुधा अॅल्युमिनियमची पूड असते, आणि तिची चमक काम करते. गंजकं बीड जेवढी झळ फेकतं, तिच्या साधारण तिसरा हिस्साच असा चमकदार पृष्ठभाग फेकतो. गंजही कमी. माळवदाचं घर थंड राहतं ते मातीच्या जाडीने. हा कोट माळवद नाही, त्याची करामत फक्त वरच्या कातडीत आहे. धूळ, ऑइल, चिखल बसून कातडी काळी पडली की ती करामतही ओसरते. शिवाय बाहेर न पडलेली उष्णता धातूतच राहते, म्हणजे बीड आधीपेक्षा जास्त तापतं.

आणि तो व्हिडिओ? थर्मामीटरची बंदूक तापमान मोजत नाही, वस्तूने फेकलेली झळ मोजते आणि वस्तू काळपट आहे असं गृहीत धरून आकडा दाखवते. चमकदार वस्तू तेवढीच गरम असली तरी बंदुकीला ती शेकडो अंशांनी थंड दिसते. पोळीच्या तव्याशेजारी अॅल्युमिनियमची घासलेली कढई तापवून बघा, बंदूक तिथेही फसेल. दुकानदार खोटं बोलत होता असं नाही, बहुतेक त्यालाही हे ठाऊक नसावं.

मॅनिफोल्ड निवल्यावर मिस्त्रीने त्यावरची ग्लासफायबरची पट्टी सोडवायला घेतली. मागच्या पावसाळ्याआधी दुसऱ्या एका गॅरेजने गुंडाळलेली. पट्टी उष्णता अडवते, यात शंका नाही. दोन मिलिमीटर जाडीत ती दुकानातल्या रंगाच्या शेकडोपट रोध देते. पण पावसाचं पाणी तिने धरून ठेवलं होतं, आणि आतलं बीड जास्त तापून पापुद्रे धरायला लागलं होतं. दोन पोर्टच्या, म्हणजे वायू आत येण्याच्या तोंडांच्या, मध्ये केसासारखी चीर.

"वरचा पत्रा कुठाय याचा?" मिस्त्रीने विचारलं.

कंपनीने दिलेला हीट शील्ड. दोन पातळ पत्रे आणि मध्ये हवा. चकाकीही आली, जाडीही आली आणि पाणी धरून ठेवणारं काही नाही. तो खडखडतो म्हणून त्याच गॅरेजवाल्याने काढला होता. मित्राने डिकी उघडली. स्टेपनीखाली तो तसाच पडून होता, फक्त एका कानाचा बोल्ट गेलेला.

"चीर वेल्डिंगवाल्याला दाखवा आधी. मग हा बसवतो," मिस्त्री म्हणाला. "बोल्टाचे वीस रुपये."